अँजिअर मार्च पर्किन्स

इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेलीं दगडी प्रार्थनामंदिरें आहेत. त्यांच्या भिंती जाड, छत उंच आणि जमीन फरसबंदीची. त्यामुळें हिंवाळ्यांत तीं अतिशय थंड असत व उपासनेस आलेले वृद्ध आणि लहान मुलें काकडून जात. एकोणिसाव्या शतकांत ह्या मंदिरांत ऊन पाण्याच्या नळांनीं ऊब आणण्याचा प्रघात पडला. त्या कामीं ज्या यंत्रज्ञांनीं विशेष परिश्रम केले, त्यांत अँजिअर मार्च पर्किन्स हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म १७९९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानीं झाला. त्यांचे वडील जेकब पर्किन्स हे नामांकित शोधक असून, नोटा छापण्याकरितां पोलादी ठसे कोरण्याच्या कलेंत निष्णात होते. १८२७ सालीं अँजिअर इंग्लंडांत आले व वडिलांच्या हाताखालीं काम करूं लागले. पुढें १८३४ सालीं वडिलांनीं कृत्रिम रीतीनें थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. मुलाचें लक्ष मात्र त्यापूर्वींच उष्णतेकडे लागलें होतें.

पाणी तापलें म्हणजे हलकें होऊन वर चढतें व निवलें म्हणजे खालीं उतरतें. ह्या नियमानें इमारतींत ऊन पाणी खेळविण्याची युक्ति पूर्वींही ठाऊक होती. परंतु तीस मोठा बंब व जाड नळ लागत. पर्किन्स यांनीं बंब अजिबात काढून टाकला. बाहेरून सुमारें एक इंच जाडीची लोखंडी नळी घेऊन त्यांनीं तिचें अखंड कडें केलें. तिचा सुमारें सहावा भाग वेटोळें करून भट्टींत ठेवला व बाकीचा इमारतींतून फिरविला. नळी सर्व बाजूंनीं बंद असल्यामुळें आंतील पाणी १०० अंश सेंटिग्रेडच्या पुष्कळ वर तापे. तापलेल्या पाण्यास फुगावयास जागा मिळावी म्हणून सर्वांत उंच ठिकाणीं एक रिकामी नळी जोडलेली असे. १८३१ सालीं त्यांनीं ह्या योजनेचें पेटंट घेतलें. प्रख्यात शिल्पज्ञ सर जॉन सोन यांनीं लंडनमधील आपल्या घरीं ती बसवून घेतली. बारीक नळ्या जुन्या इमारतींतूनही सहज नेतां येत. फरशींत चर खणून वर जाळीदार लोखंडी झांकणें बसविलीं कीं काम होई.

परंतु जो ह्या योजनेचा गुण, तोच तिचा दोष ठरला. अति तापलेली नळी लांकडास लागून राहिली, तर लांकूड हळूहळू करपून काळें पडे, आणि तें कोणाच्या दृष्टीस पडत नसे. मँचेस्टर येथील एका विमा कंपनीनें ह्या गोष्टीची चौकशी करविली, आणि १८४१ सालच्या अहवालांत हा धोका उघड झाला. मंदिराचें छत, मजले व बांकें लांकडाचीं. तेव्हां ज्या उबेसाठीं हा खटाटोप, तीच मंदिराची राख करील कीं काय, अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हांपासून नळ्या लांकडापासून दूर ठेवण्याची दक्षता आवश्यक ठरली, आणि कित्येक ठिकाणीं कमी तापणारे जाड नळच लोकांनीं पसंत केले.

तथापि पर्किन्स यांची पद्धति नाहींशी झाली नाहीं. बंद नळ्यांच्याच तत्त्वावर त्यांच्या घराण्यानें पाव भाजण्याच्या भट्ट्याही तयार केल्या. १८८१ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनीं त्यांच्या चरित्रापासून एक गोष्ट अवश्य ध्यानांत धरावी. नवी युक्ति काढणें हें अर्धें काम होय. तिच्यापासून कोणास अपाय तर होत नाहीं ना, हें डोळ्यांत तेल घालून पाहणें हें उरलेलें अर्धें.