प्लेगची लस देणारे हाफकिन

भगिनींनो, मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, हे आपण ऐकून असतो. पण हे हाफकिन कोण, कुठले, आणि परदेशातून येऊन त्यांनी आपल्यासाठी काय केले, हे फारसे कुणी सांगत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांची थोडी ओळख करून द्यावी, असे मनात आले.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरी झाला. हे शहर काळ्या समुद्राच्या काठी आहे. त्या वेळी तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. घराणे ज्यू धर्माचे. मेच्निकोव्ह या नामांकित गुरूंच्या हाताखाली ते शिकले. हुशारी होती, पण वरची जागा हवी तर धर्म बदलावा लागेल, अशी अट पडली. ती त्यांनी मान्य केली नाही आणि १८८८ साली देश सोडला. पुढच्या वर्षी ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे रिकामी जागा होती ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची. तीही त्यांनी आनंदाने पत्करली आणि उरलेल्या वेळात पटकीच्या जंतूंचा अभ्यास सुरू केला. पटकीची लस तयार होताच १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, तो उतरला, आणि त्याची त्यांनी रीतसर नोंद ठेवली.

१८९३ साली ते कलकत्त्याला आले आणि बंगालमध्ये हजारो लोकांना त्यांनी लस टोचली. पण टोचून मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणाऱ्यांपैकी टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याचा हिशेब ते ठेवत. त्यांच्या साऱ्या कामाचे मर्म या हिशेबात आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. पुढे ही आग पुण्याला पोहोचली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. घराघरांत शिरून होणाऱ्या तपासणीने लोक संतापले होते आणि त्याच साली जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. आपल्या पणज्यांच्या काळी गावेच्या गावे माळावर झोपड्या बांधून राहत, ती याच रोगाच्या धास्तीने.

सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, पुढचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम केले. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. इथल्या लोकांच्या भावना ओळखून त्यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खाली जंतूंच्या वाढीचे धागे लोंबू लागत. मग ते जंतू उष्णतेने मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. राजीखुशीने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचली, बाकीचे तसेच राहिले. अन्न तेच, पाणी तेच, भिंती त्याच. फरक फक्त लशीचा. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ जण आजारी पडले आणि दोघेही वाचले. सगळ्यांनाच टोचले असते, तर गुण लशीचा की साथ आपोआप ओसरली, हे कळले नसते. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंधेरा गावी तर घराघरातली निम्मी माणसे टोचली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ गेले, टोचलेल्या ७१ जणांपैकी ३. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांतला हा फरक पाहून लशीचा गुण लोकांना पटू लागला. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

पुढे मात्र घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. चौकशी बसली. मुंबईतच लस दूषित झाली, असा ठपका ठेवला गेला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी तीत कार्बोलिक घालणे सोडले होते, तेच त्यांच्यावर उलटले. त्यांना पदावरून दूर केले. ते विलायतेस गेले आणि वर्षानुवर्षे आपली बाजू मांडत राहिले.

आपल्या स्वयंपाकघरात पाच बरण्या लोणचे घातले आणि एकच बरणी नासली, तर आपण सगळ्या लोणच्याला नावे ठेवत नाही. त्या बरणीला ओला हात कुणी लावला, असे विचारतो. इथेही तसेच होते. बाटली मुंबईत भरून कित्येक दिवस झाले होते. तेव्हाच धनुर्वाताचे जंतू आत गेले असते तर ते वाढून बाटलीला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी काही आली नव्हती. शिवाय बूच काढायचा चिमटा गावातल्या जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आपण जाणतोच. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून हा अन्याय दाखवून दिला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

ते पुन्हा कलकत्त्याला आले, पण पूर्वीचे काम परत हाती आले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. लग्न केले नव्हते, त्यामुळे प्रपंच असा नव्हताच. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तिथून लशीच्या २ कोटी ६० लाखांहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. आज त्यावर औषधेही आहेत. पण हाफकिन यांनी घालून दिलेली रीत जुनी झालेली नाही. रोग आला की घाबरून कुणाच्या माथी मारू नये. कोण आजारी पडले, कोण नाही, केव्हा आणि कुठे, हे आधी मोजावे. त्यांची लस खरी ठरली ती अशा मोजणीने, आणि त्यांच्यावरचा डाग धुऊन निघाला तोही नीट केलेल्या तपासाने.

भगिनींनो, हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. आळीत दोन-चार घरी जुलाब सुरू झाले, तर कुणाच्या हातगुणावर बोट ठेवण्याआधी त्या घरांचे पाणी कुठले, खाणे कुठले, आणि जी घरे वाचली त्यांचे कुठले, हे विचारावे व आरोग्यखात्याला कळवावे. मुलांच्या लसीकरणाची कार्डे दागिन्यांसारखी जपून ठेवावीत. सुई नवी आहे ना, हे विचारायला संकोच करू नये. हाफकिन यांचे स्मरण आपल्या घरात एवढ्यानेही राहील.