अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावरून परतलेला मुष्टियोद्धा : जॅक डॉइल



भायखळा-नागपाडा भागात लहानाचे मोठे झालेल्या आमच्या वाचकांना मुष्टियुद्धाचे वेड काही नवीन नाही. अजिंक्यवीरांची नावे पोरासोरांनाही पाठ असतात. परंतु जो अजिंक्यपदाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला आणि तेथूनच मागे फिरला, त्याचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते मुलाबाळांना सांगण्यासारखे चरित्र खरे म्हणजे असल्याच माणसाचे असते. म्हणून आज आम्ही आयर्लंडमधील कॉर्क परगण्याच्या जॅक डॉइलची हकिकत देत आहोत.

कॉर्क शहराजवळ कोव्ह नावाचे बंदर आहे. इंग्रजी अमलात त्यास क्वीन्सटाउन म्हणत. 1912 साली टायटॅनिक जहाजाने अखेरचा थांबा घेतला तो याच बंदरात. पुढल्याच वर्षी, 31 ऑगस्ट 1913 रोजी, तेथील एका गरीब घरात डॉइलचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव जोसेफ. जॅक हे नाव त्याने मागाहून घेतले. शाळा लवकर सुटली आणि अंगमेहनतीची कामे पाठीशी लागली. उंची सहा फुटांहून बरीच अधिक, रूप देखणे आणि गळा गोड, अशी देवाची तिहेरी देणगी त्यास लाभली होती. कोवळ्या वयातच तो इंग्रजी फौजेच्या आयरिश गार्ड्स पलटणीत भरती झाला. त्याच्या उजव्या हाताच्या ठोशाचे मोल पहिल्यांदा कळले ते तेथेच.

1932 साली तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. सुरुवातीच्या लढती त्याने झपाट्याने जिंकल्या. बहुतेक प्रतिस्पर्धी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच जमिनीवर पडत. मात्र याच यशात त्याच्या नाशाचे बीज होते, असे आम्हांस वाटते. लढत दोन मिनिटांत संपत असेल तर बचाव शिकायचा कधी, आणि दम टिकवायचा तरी कशासाठी? ठोसा मारणे त्यास उपजत येत होते. ठोसा चुकवणे मात्र शिकावे लागते, आणि ते शिकण्याची त्यास कधी गरजच वाटली नाही.

12 जुलै 1933 रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ब्रिटिश हेवीवेट अजिंक्यपदासाठी त्याची गाठ वेल्सच्या जॅक पीटरसनशी पडली. डॉइलचे वय त्या वेळी अवघे एकोणीस. तो बेभान होऊन तुटून पडला, कमरेखाली ठोसे मारू लागला, आणि पंचांनी त्यास दुसऱ्याच फेरीत बाद केले. जिंको वा हरो, तीन हजार पौंडांची बिदागी ठरली होती. परंतु नियमभंगामुळे बाद झाला म्हणून मुष्टियुद्ध मंडळाने ती रोखून धरली.

डॉइल कोर्टात गेला. आपण एकवीस वर्षांच्या आतील, म्हणजे अज्ञान आहोत, सबब मंडळाचे नियम आपणांस बांधू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अपील कोर्टाने ते मानले नाही. स्वच्छ खेळाचे नियम खेळाडूच्याही हिताचेच असतात. म्हणून असा करार एकंदरीत त्याच्या फायद्याचा ठरतो व त्यास बांधतो, असा निर्णय झाला. कराराचा कायदा शिकणारे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. अजिंक्यवीरांच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव कायद्याच्या पुस्तकात असे राहून गेले.

यापुढे लोकांची गर्दी वाढत गेली आणि कसब घटत गेले. डॉइल रंगभूमीवर गाऊ लागला, अमेरिकेत जाऊन चित्रपटांत चमकला. 1935 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, अजिंक्यवीर मॅक्स बेअरचा धाकटा भाऊ बडी बेअर याने त्यास पहिल्याच फेरीत लोळवले. 1937 साली लंडनमध्ये शिकागोचा यहुदी मुष्टियोद्धा किंग लेविन्स्की याच्यावर डॉइलने गुणांनी विजय मिळवला. मनावर घेतले तर तो लढत शेवटपर्यंत नेऊ शकत होता, एवढे त्यावरून दिसते. परंतु 1938 साली एडी फिलिप्सशी लढताना त्याने असा जोराचा ठोसा हाणला की तो हुकला, आणि डॉइल स्वतःच दोरांतून रिंगणाबाहेर जाऊन पडला! पंचांची मोजणी संपेपर्यंत तो आत आलाच नाही. पुढल्या वर्षी त्याच फिलिप्सने त्यास पहिल्या फेरीत गारद केले.

अमेरिकन नटी ज्युडिथ ॲलन हिच्याशी झालेला त्याचा पहिला विवाह मोडला. नंतर मोविटा या नटीशी त्याने लग्न केले. दोघे मिळून गाण्याचे कार्यक्रम करीत आणि त्यांस पाहण्यास रस्त्यांवर झुंबड उडे. पण दारू सुटेना. अखेर मोविटाही त्यास सोडून गेली. पैसा दारू, घोड्यांच्या शर्यती आणि भोवतालची खुशमस्करी मंडळी यांत संपला. उतारवय लंडनमध्ये दारिद्र्यात गेले, आणि 13 डिसेंबर 1978 रोजी तेथील एका रुग्णालयात त्याचा अंत झाला.

नासो परशाच्या शब्बाथला आपण हफ्ताऱ्यात शिमशोनाच्या जन्माची कथा ऐकतो. बाळ जन्मण्यापूर्वीच त्याच्या आईस मद्य वर्ज्य करण्याची आज्ञा झाली होती. बळ देणाऱ्याने बळाबरोबर बंधनही दिले होते. डॉइलला बळ मिळाले. बंधन घालणारे मात्र कोणी भेटले नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती हजारो पौंड देऊ करणारे पुष्कळ होते. त्यास रोज पहाटे उठवून ठोसा चुकवण्यास शिकवणारा, प्रसंगी नाही म्हणणारा, असा एक जरी टिकून राहिला असता तर निराळे घडले असते. सारा दोष एकट्या डॉइलच्या माथी मारणे आम्हांस म्हणूनच न्याय्य वाटत नाही.

त्याच कॉर्कमधील आपल्या धर्मबांधवांचे उदाहरण येथे आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाकडून आलेली ही कुटुंबे फेरीचा धंदा करून पोट भरीत. त्याच समाजातील वकील जेराल्ड गोल्डबर्ग 1977 साली कॉर्कचे लॉर्ड मेयर झाले. त्या वाटचालीला दोन फेऱ्या नव्हे, तर दोन पिढ्या लागल्या. पुढे समाज विरळ होत गेला आणि 2016 साली तेथील सिनेगॉगही बंद झाले. पण मिळवलेला मान कोणास हिरावून घेता आला नाही.

डॉइलच्या गावकऱ्यांनीही मात्र त्यास टाकले नाही. त्यांनी त्याचा देह लंडनहून कोव्हला आणविला आणि 1915 साली बुडालेल्या लुसिटानिया जहाजाचे मृत प्रवासी जेथे पुरले आहेत, त्याच जुन्या दफनभूमीत त्यास मूठमाती दिली. अजिंक्यपद त्याने आणले नव्हते, पैसाही आणला नव्हता. तरीही अंत्ययात्रेस गाव लोटला. आपल्या घरात वा शेजारी असा गुणी मुलगा असेल, तर त्याच्यावरील ही माया त्याच्या विसाव्या वर्षीच दाखवावी, आणि तीही थोडी कठोर होऊन, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.