पदवी, अध्यापन आणि व्यासंग : नरहर कुरुंदकरांचा प्राध्यापकीय प्रवास

मराठवाड्यात प्राध्यापक हा व्यवसाय उशिरा अवतरला. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. सोलापूर-हैदराबाद मार्गावरील अणदूरसारख्या गावातून शिकू पाहणाऱ्या मुलाला एक तर सरहद्द ओलांडून सोलापूर गाठावे लागे किंवा परभाषेतून शिकण्याची तयारी ठेवून हैदराबादेस जावे लागे. त्याच उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली व स्वामी रामानंद तीर्थ तिचे काही काळ मुख्याध्यापक होते. पुढे त्यांच्याच प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय नरहर अंबादास कुरुंदकर यांच्या जीवनक्रमाचा उलगडा होत नाही. कारण ज्या व्यवसायात त्यांनी नाव मिळविले, तो व्यवसायच त्यांच्या प्रदेशात त्यांच्या वयाबरोबर वाढत होता.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी आजोळी, नांदापूर येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापक, कवी आणि मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या महाभारतांचे साक्षेपी अभ्यासक होते. शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादेस मामांच्या सहवासात राहिले. उर्दूच्या विद्यापीठात मराठीचा अभ्यास निष्ठेने चालविणारा विद्वान त्यांना घरातच पाहावयास मिळाला. मामांच्या ग्रंथसंग्रहाने त्यांना वाचनाची अमर्याद भूक लावली, हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, संस्थेचे पाठबळ तुटपुंजे असतानाही विद्या करता येते, हा संस्कार त्यांच्यावर झाला.

या संस्काराची दुसरी बाजू मात्र त्रासदायक ठरली. वाचन अभ्यासक्रमाच्या बाहेर धावू लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते दिवस. त्यात राष्ट्र सेवा दलाचे संस्कार आणि मार्क्सवादाचे आकर्षण. इंटरमीजिएटच्या परीक्षेत कुरुंदकर एकदा नव्हे, अनेकदा अनुत्तीर्ण झाले. त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट बहुधा गमतीने सांगितली जाते. विद्वानाच्या अपयशात सांगणाऱ्यांना एक प्रकारची गोडी वाटत असावी. वस्तुतः ज्याला पदवी नाही त्याला महाविद्यालयाचे दार बंद, हा नियम तेव्हाही होता, आणि त्या नियमाची किंमत कुरुंदकरांनी आपल्या तारुण्यातील वर्षांनी मोजली.

१९५५ मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक झाले. पुढील आठ वर्षे ते शाळेत शिकवीत होते, आणि याच काळात भरताचे नाट्यशास्त्र, रससिद्धान्त, रिचर्ड्सची कलामीमांसा, मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र यांवर त्यांचे चिंतन चालू होते. साहित्यशास्त्रातील ज्या प्रश्नांवर पदव्युत्तर वर्गांत चर्चा व्हावयाची, त्यांवर एक शालेय शिक्षक अधिकाराने लिहीत होता. पदवी आणि अधिकार यांची अशी फारकत मराठी समीक्षेत क्वचितच इतक्या ठळकपणे दिसली असेल. नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेल्या परीक्षा दिल्या, एम. ए. झाले आणि १९६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. लगेच १९६४ मध्ये ‘रूपवेध’ प्रसिद्ध झाले. या ग्रंथामागचा व्यासंग शाळेतला आहे, महाविद्यालयातला नव्हे, याची नोंद त्यांच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी.

या सुमारास परिस्थितीही बदलत होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले होते, तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघू लागली होती, आणि कालांतराने अणदूरसारख्या गावीही महाविद्यालय आले. या नव्या महाविद्यालयांतून पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतील मुले वर्गात बसत होती. कुरुंदकरांच्या प्रतिपादनाची पद्धती या श्रोत्यांशी जुळणारी आहे. ते विषय मुळापासून उभा करतात, प्रतिपक्षाची बाजू त्याच्या समर्थकापेक्षा नेटकेपणाने मांडतात आणि मगच तिचे खंडन करतात. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला (१९६८) प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे दीर्घ पत्र वाचताना वर्गातील अध्यापकाचाच स्वर ऐकू येतो. ‘मागोवा’ (१९६७), ‘जागर’ (१९६९), ‘शिवरात्र’ (१९७०), ‘धार आणि काठ’ (१९७१), ‘पायवाट’ (१९७४) या क्रमाने साहित्य, इतिहास, राजकारण आणि धर्मचिकित्सा अशी त्यांची लेखणी फिरत राहिली.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. एवढ्या तयारीच्या विद्वानाने साहित्यशास्त्रावर एकसंध, पद्धतशीर ग्रंथ का सिद्ध केला नाही? त्यांचे बहुतेक ग्रंथ लेखांचे, प्रस्तावनांचे वा व्याख्यानांचे संग्रह आहेत. संदर्भांची काटेकोर नोंद त्यांत अनेकदा आढळत नाही. पीएच. डी.चा प्रबंधही त्यांनी लिहिला नाही. प्रबंधलेखनाची शिस्त त्यांच्या वृत्तीला मानवली नसती असे म्हणता येईल, पण हे उत्तर अपुरे आहे. गावोगावची व्याख्याने, शिबिरे, दुसऱ्यांच्या ग्रंथांना द्यावयाच्या प्रस्तावना यांत त्यांचा वेळ गेला, आणि तो त्यांनी जाणूनबुजून जाऊ दिला. विद्यापीठ ज्या प्रदेशात नुकतेच आले होते, तेथे वर्गाबाहेरचा वर्ग अधिक मोठा होता. तरीही नाट्यशास्त्रावरील त्यांची मर्मदृष्टी पाहता, एका सलग ग्रंथाला मराठी मुकली ही हळहळ उरतेच.

१९७७ मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नांदेडकरांच्या तोंडी मात्र ते शेवटपर्यंत ‘गुरुजी’च राहिले, शाळेतले संबोधन प्राचार्यपदानेही पुसले गेले नाही. प्रशासनाचा भार वाढला तरी व्याख्याने थांबली नाहीत.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आत होते. त्यानंतरच्या वर्षांत विखुरलेले लेख आणि भाषणे स्नेह्यांनी व विद्यार्थ्यांनी जमविली. मनुस्मृतीवरील व्याख्याने आणि इतर बरेच लेखन त्यातूनच ग्रंथरूपाने आले. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९९४ साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने.