सक्करची वाळू

भिगवण सोडून सोलापूरच्या दिशेने निघाले की डाळजच्या शिवारात डाव्या हाताला उजनीचा फुगवटा दिसू लागतो. नजर ठरणार नाही एवढे पाणी; आणि याच पट्ट्यात प्यायच्या पाण्याचे जार वाहणारे टेम्पो मला भेटतात. अशा वेळी मला विश्वेश्वरय्या आठवतात. धरणे बांधणारे नव्हेत, पाणी गाळणारे विश्वेश्वरय्या.

१८६० साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच वडिलांना मुकला. शिकवण्या करून तो शिकला, शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आला आणि १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, खानदेश झाले आणि मग सिंधमधले सक्कर.

सक्करला सिंधू दारातून वाहत होती, पण पाणी गढूळ. गाळण्याचे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीलाच कामाला लावले. तीराजवळ पात्रात विहीर खणली, तिला वाळूखालून भुयार जोडले. वाळूतून झिरपत येणारे पाणी विहिरीत स्वच्छ होऊनच उतरू लागले. ते टेकडीवर चढवून शहराला दिले. १८९५ पर्यंत हे काम झाले.

आजच्या जारमागे मेम्ब्रेन असते. तत्त्व तेच, फटी मात्र कितीतरी बारीक. अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा जिवाणू अडवतो, विरघळलेले क्षार अडवत नाही. आरओ तेही अडवतो. पण त्याला पंपाचा दाब लागतो, आणि एका नळीतून गोडे पाणी येते तेव्हा दुसरीतून क्षार साठलेले पाणी बाहेर पडते. घाण नाहीशी होत नाही, जागा बदलते. शिवाय गाळ-शेवाळ्याने पडदा चोंदतो, बदलावा लागतो. कर्जाची प्रकरणे तपासण्यात हयात गेल्यामुळे असेल, मला यंत्राच्या किमतीआधी हा पुढचा खर्च दिसतो.

१९०६ साली त्यांना एडनला पाठवले. तिथे समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायला घेत. कोळशाचा खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी उत्तरेकडच्या लहेज भागात, पावसाचे पाणी जिरवणाऱ्या नदीकाठी विहिरी घेण्याचे सुचवले. पुन्हा वाळूच.

आपल्याकडे ते लक्षात आहेत ते वेगळ्या कामांमुळे. बारामती-इंदापूरचा ऊस ज्या नीरा डाव्या कालव्यावर वाढला, तिथली ब्लॉक पद्धत त्यांच्या डोक्यातली: पाणी थोड्यांना मुबलक न देता पिकांची पाळी लावून अधिकांना द्यायचे. पाण्यावरचा हक्क जाणार म्हणून शेतकरी बिथरले होते. त्यांना त्यांनी समजावले. १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले आणि साठा सुमारे आठ फुटांनी वाढला. पेटंट घेतले, मोबदला नाही. सरकारी नोकरीत केलेल्या कामाचे पैसे घेणे त्यांना पटेना.

हीच मुठा खडकवासल्याहून पुण्यात उतरते, शहराचे सांडपाणी पोटात घेऊन मुळेसह रांजणगाव सांडसला भीमेत मिळते आणि उजनीत येऊन थांबते. हे सांडपाणी गाळायची जागा पुणे आहे, असे मला ठामपणे वाटते. डाळजच्या काठावर कितीही मेम्ब्रेन बसवली तरी एवढा जलाशय गाळून होणार नाही.

म्हैसूरची दिवाणगिरी, १९५५ चे भारतरत्न हे सर्वांना ठाऊक आहे. शंभरी ओलांडून ते १९६२ साली गेले. उजनीचे धरण पुरे व्हायला त्यानंतर अठरा वर्षे लागली.