रसेल ब्रेन

वॉल्टर रसेल ब्रेन, पहिले बॅरन ब्रेन (२३ ऑक्टोबर १८९५ – २९ डिसेंबर १९६६) हे इंग्लिश मेंदूविकारतज्ज्ञ, ग्रंथकार आणि संपादक होते. चेतासंस्थेच्या विकारांवरील त्यांचा पाठ्यग्रंथ वैद्यकाच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग मेंदूत न पसरताही चेतासंस्थेची हानी करू शकतो, हे ज्यांच्या कार्यामुळे वैद्यकात रुजले त्यांत ब्रेन यांचे स्थान महत्त्वाचे आहे. स्तन, अंडाशय, फुफ्फुस आदींच्या कर्करोगांशी निगडित अशा या दुर्मीळ लक्षणसमूहांना आज पॅरानिओप्लास्टिक चेताविकार म्हणतात.

प्रारंभिक जीवन

ब्रेन यांचा जन्म इंग्लंडमधील रेडिंग येथे झाला. त्यांचे वडील वकील होते. मिल हिल शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात इतिहास हा विषय घेतला, परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास त्यांचा विरोध असल्याने १९१५ मध्ये ते क्वेकर पंथीयांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले. पुढे लंडनमधील एका युद्धकालीन रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात त्यांनी काम केले. तेथेच त्यांची स्टेला लँग्डन-डाउन यांच्याशी ओळख झाली व १९२० मध्ये ते विवाहबद्ध झाले. डाउन संलक्षण ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन लँग्डन डाउन हे स्टेला यांचे आजोबा होत. युद्धानंतर ऑक्सफर्डला परतून ब्रेन यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये पदवी मिळवली. १९३१ मध्ये त्यांनी क्वेकर पंथ रीतसर स्वीकारला.

वैद्यकीय कारकीर्द

लंडन हॉस्पिटल आणि मेडा व्हेल येथील चेताविकारांचे रुग्णालय ही त्यांची प्रमुख कर्मभूमी होती. ‘डिसीझेस ऑफ द नर्व्हस सिस्टिम’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये त्यांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. डावीकडील जगाकडे त्यांचे लक्षच जात नसल्याने हे रुग्ण स्वतःच्या घरातही वाट चुकत. मनगटातील बोगद्यात चेतातंतू दाबला जाणे (१९४७) आणि मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे मज्जारज्जूवर येणारा दाब (१९५२) यांवरील त्यांचे सहलेखकांसमवेतचे निबंधही आधारभूत मानले जातात.

कर्करोग आणि चेतासंस्था

कर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये मेंदूत गाठ नसतानाही चेतासंस्था बिघडते, अशी निरीक्षणे ब्रेन यांच्यापूर्वी तुरळकपणे नोंदली गेली होती. डच तज्ज्ञ बर्नार्डस ब्राउवर यांनी १९१९ मध्ये लहान मेंदूच्या अशा ऱ्हासाचे वर्णन केले होते. १९४८ मध्ये डेरेक डेनी-ब्राउन यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांमधील संवेदी चेतातंतूंचा विकार मांडला. तरीही अशा घटना बहुधा योगायोगात जमा होत.

ब्रेन यांनी पी. एम. डॅनियल व जे. जी. ग्रीनफिल्ड यांच्यासह १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषय लहान मेंदूचा हाच ऱ्हास आणि त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध हा होता. या विकारात काही आठवड्यांतच चालताना तोल जाऊ लागतो, बोलणे अडखळते, हात थरथरतात आणि रुग्ण परावलंबी होतो. मृत्यूनंतरच्या तपासणीत लहान मेंदूतील पर्किंजे पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या दिसतात, पण कर्करोगाची पेशी तेथे सापडत नाही. अनेकदा चेतासंस्थेची लक्षणे आधी येतात आणि गाठ महिन्यांनी, क्वचित वर्षांनी लक्षात येते. त्यामुळे एरवी निरोगी वाटणाऱ्या स्त्रीचा तोल अकारण जाऊ लागल्यास स्तन व अंडाशय तपासणे आवश्यक ठरते. मेंदूविकारतज्ज्ञाच्या कामाची कक्षा यामुळे रुंदावली.

१९५८ मध्ये ब्रेन व आर. ए. हेन्सन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये या विकारांचे एकत्रित वर्गीकरण मांडले. लंडन हॉस्पिटलमधील त्यांच्या गटातील पीटर क्रॉफ्ट व मार्शिया विल्किन्सन यांनी विविध कर्करोगांच्या रुग्णांची पद्धतशीर पाहणी केली (१९६५). तीत फुफ्फुसाच्या कर्करोगात हे विकार स्तनाच्या कर्करोगापेक्षा बरेच अधिक आढळले. त्याच वर्षी ब्रेन व फोर्ब्स नॉरिस यांनी संपादित केलेला ‘द रिमोट इफेक्ट्स ऑफ कॅन्सर ऑन द नर्व्हस सिस्टिम’ हा ग्रंथ निघाला. ‘दूरस्थ परिणाम’ ही संज्ञा त्यामुळे रूढ झाली. कारण मात्र त्या वेळी अनिर्णित होते. विषाणू, विषारी द्रव्य, पोषणातील कमतरता अशा शक्यता चर्चेत होत्या. पीटर विल्किन्सन व झेरोम्स्की यांनी रुग्णांच्या रक्तात चेतापेशींविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. त्यांचा निबंध १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. या नियतकालिकाचे संपादक तेव्हा ब्रेनच होते. आडनावाचा हा योगायोग एकमेव नव्हे: त्यांच्या आधीच्या संपादकांमध्ये हेन्री हेड हेही होते, आणि ‘हेड’ म्हणजे डोके.

सार्वजनिक कार्य

१९५० ते १९५७ या काळात ब्रेन रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष होते. त्यांना १९५२ मध्ये नाइट किताब, १९५४ मध्ये बॅरोनेट पद व १९६२ मध्ये उमरावपद मिळाले. १९६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. विन्स्टन चर्चिल यांना १९५३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांना तपासण्यासाठी ब्रेन यांना पाचारण करण्यात आले होते. अमली पदार्थांच्या व्यसनावरील सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीच्या १९६१ च्या अहवालाने ब्रिटनमधील प्रश्न गंभीर मानला नव्हता. परिस्थिती पालटल्यावर त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९६५ मध्ये हेरॉइन लिहून देण्याच्या डॉक्टरांच्या अधिकारावर निर्बंध सुचवले. वॉल्टर डी ला मेअर या कवीशी झालेल्या भेटींवरही त्यांनी पुस्तक लिहिले आहे.

मृत्यू आणि नंतरचे संशोधन

१९६६ मध्ये ब्रेन यांनी दोन सहकाऱ्यांसह थायरॉइडच्या हाशिमोटो विकाराशी संबंधित मेंदूविकाराचे वर्णन केले. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. ‘ब्रेन’चे संपादकपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत होते.

ब्रेन यांच्यापुढील अनुत्तरित प्रश्नाचा उलगडा १९८० नंतर होऊ लागला. कर्करोगाच्या पेशी कधीकधी चेतापेशींमध्ये असणारी प्रथिने निर्माण करतात. त्या गाठीविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्ती मग चेतापेशींवरही हल्ला चढवते. लहान मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित ‘यो’ प्रतिपिंड प्रामुख्याने स्तन व अंडाशयाच्या कर्करोगात आढळते. ‘री’ प्रतिपिंडाचा संबंध स्तनाचा कर्करोग आणि डोळ्यांच्या अनियंत्रित, वेगवान हालचालींशी, तर ॲम्फिफायसिनविरोधी प्रतिपिंडाचा संबंध स्नायू ताठरणाऱ्या विकाराशी आहे. अशी प्रतिपिंडे सापडल्यास व गाठ दिसत नसल्यास तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा केल्या जातात. गाठीवर त्वरित उपचार झाल्यास ऱ्हास थांबण्याची शक्यता असते, मात्र नष्ट झालेल्या पर्किंजे पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.