अलॉय व्हीलवरची काळी पूड आणि १८८८ साली ब्रेकला चामडं ठोकून घेणारी बर्था बेंझ

लोणीहून गाडी काढा, मंचर गाठा आणि घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाऊन या. परतीला उतार असतो, वळणं असतात, पुढे एखादी एसटी असते. पाय सारखा ब्रेकवर. घरी आल्यावर पुढच्या चाकावरून बोट फिरवून बघा. आठवड्यापूर्वी चकाचक केलेल्या अलॉय व्हीलवर काळपट तपकिरी पूड बसलेली दिसेल.

रस्त्याची धूळ असेल, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण धूळ असती तर चारही चाकांवर सारखी बसली असती. ही पूड पुढच्या चाकांवर जास्त असते, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड ड्रमच्या आतच राहते. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड लोखंडी डिस्कवर घासतो, दोन्ही थोडे थोडे झिजतात आणि ती झीज चाकावर येऊन बसते.

म्हणजे ही पूड म्हणजे झिजलेला ब्रेक. ब्रेकवर झिजायला वेगळं काहीतरी लावायचं, ते संपलं की बदलायचं, ही युक्ती मोटारीच्या इतिहासात पहिल्यांदा कुणी केली हे शोधत गेलं की आपण जर्मनीतल्या एका चपला-बूट शिवणाऱ्याच्या दुकानात पोहोचतो. तिथे एक ३९ वर्षांची बाई दोन पोरांना घेऊन उभी होती. तिचं नाव बर्था बेंझ. हो, तीच बेंझ. मर्सिडीज-बेंझमधली. चाकणला जिचा कारखाना आहे ती.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्ट्सहाइम या गावी झाला. वडील बांधकामाचे कंत्राटदार, घरात पैसा होता. पण तिच्या जन्माची नोंद करताना घरच्या बायबलमध्ये, पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाची खंत लिहिली गेली होती, असं सांगतात. आपल्याकडे 'नकुशी' नाव ठेवायचे, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की ही नकुशी शाळेत गेली आणि यंत्रं कशी चालतात यात तिला रस वाटू लागला.

पुढे तिची गाठ कार्ल बेंझशी पडली. हुशार इंजिनिअर, खिसा रिकामा. १८७१ मध्ये त्याने मानहाइमला भागीदारीत वर्कशॉप काढलं होतं, पण भागीदार भरवशाचा निघाला नाही. भागीदाराचा हिस्सा विकत घ्यायला पैसे कुठून आणायचे? बर्थाने आपल्या लग्नासाठी ठेवलेला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या वर्कशॉपमध्ये घातला. २० जुलै १८७२ रोजी त्यांचं लग्न झालं.

आजच्या भाषेत ही पहिली गुंतवणूकदार. पण त्या काळच्या जर्मनीत लग्नानंतर बायकोच्या पैशाचा कारभार कायद्याने नवऱ्याच्या हातात जायचा. त्यामुळे २९ जानेवारी १८८६ रोजी तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट दाखल झालं तेव्हा कागदावर तिचं नाव नव्हतं. मधली चौदा वर्षं मात्र दोघांनी मिळून काढली. कर्ज, तगादे, एकामागून एक मुलं. १८७९ च्या शेवटच्या रात्री जेवणानंतर दोघं वर्कशॉपमध्ये गेली आणि त्या रात्री त्यांचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, ही आठवण बेंझ घराण्यात पुढे कायम सांगितली गेली.

गाडी झाली, पण घेणार कोण? घोडा नसलेली, फटफट आवाज करणारी वस्तू लोक लांबून बघायचे आणि हसायचे. कार्ल परफेक्शनच्या मागे लागलेला माणूस. अजून एक सुधारणा, अजून एक चाचणी, असं करत गाडी गावाभोवतीच फिरत राहिली. हुंडा त्यात अडकलेला होता, पाच-सहा जणांचं घर त्यावर चालणार होतं.

मग ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाने नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली.

सोबत १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. पहाटे कार्ल झोपलेला असताना तिघं निघाली. माहेरी, फोर्ट्सहाइमला. अंतर साधारण १०६ किलोमीटर. तोवर मोटारीने इतक्या लांब कुणीच गेलं नव्हतं. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. पेट्रोल पंप ही चीजच नव्हती.

इंधनाची वेगळी टाकी नव्हती, कार्ब्युरेटरमध्ये मावायचं साडेचार लिटर. ते संपल्यावर वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन घेतलं. हा पेट्रोलच्या जातीतला द्रव तेव्हा डाग काढायला वापरायचे. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. इंजिन थंड ठेवायला जागोजागी पाणी भरावं लागायचं. इंधनाची नळी तुंबली तर तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली, वायर उघडी पडली तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी ताणली गेल्यावर लोहाराकडे थांबली. चढावर पोरं खाली उतरून ढकलायची, कारण गाडीत चढाचा गिअरच नव्हता. (यातले बरेच तपशील कार्लच्या १९२५ च्या आत्मचरित्रातून आले आहेत, म्हणजे घरच्यांनीच सांगितलेले. थोडी फोडणी पडली असेल, पण प्रवास झाला याबद्दल वाद नाही.)

चढ ढकलून पार करता येतो. उताराचं काय? डोंगराळ भागात ब्रेकचे ठोकळे झिजले आणि गाडी धरेना. बाउशलॉट नावाच्या गावात तिने बूट शिवणाऱ्याला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात इथे धरतात. चामडं झिजणार, ब्रेक वाचणार, चामडं बदलता येणार. आज सर्व्हिसिंगच्या बिलात ब्रेक पॅडची ओळ येते तिचं मूळ हे.

संध्याकाळी तिघं पोहोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली. तिने सांगितलेल्या अडचणींवरून गाडीत सुधारणा झाल्या, चढासाठी जास्तीचा गिअर आला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १९०० च्या आसपास बेंझ ही जगातली सर्वात मोठी मोटार कंपनी होती.

चामड्यापासून अ‍ॅस्बेस्टॉसपर्यंत

बर्थाची युक्ती धंद्यात उतरवली ती इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूडने. डोंगराळ डर्बीशरमध्ये घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्यात जुन्या बुटाचं चामडं अडकवायचे, ते पाहून १८९७ मध्ये त्याने डांबर-राळेत मुरवलेल्या कापडाची लायनिंग बनवायला घेतली. त्याचा ब्रँड फेरोडो. फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली आणि त्यात बायको एलिझाबेथचं 'ई' घातलं. इथे निदान एका अक्षरापुरती तरी बायको नावात आली!

पण कापड तापलं की जळायचं. साठच्या वेगाने जाणारी बाराशे किलोची गाडी एकदा थांबवली की जी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते, तिच्यात अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून १९०८ मध्ये फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस आणलं. न जळणारं, चिवट, स्वस्त. पुढची कित्येक दशकं जगभर तेच चाललं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता, तिथेही अ‍ॅस्बेस्टॉसवरच काम व्हायचं.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, कॅन्सर होतो, आणि आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या पाइपने फुंकर मारणाऱ्या किती मेकॅनिकनी ही पूड ओढली असेल याचा हिशोब कुणाकडे नाही. युरोपने २००५ पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस बंद केलं. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी आजही नाही. त्यामुळे पॅड घेताना पाकिटावर अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री लिहिलंय का हे वाचाच. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

बिनअ‍ॅस्बेस्टॉसची पूडही काही अबीर-बुक्का नाही. तिच्यात लोखंडाचे बारीक कण, राळ, ग्राफाइट, कधी तांबं असतं. युरोपच्या नव्या 'युरो ७' नियमांत म्हणूनच धुराड्याच्या जोडीला ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवरही पहिल्यांदा मर्यादा घातली आहे.

मग चाक धुवायचं कसं?

गाडी आणल्या आणल्या धुऊ नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते आणि शाम्पू चाकावरच वाळून डाग पडतात. चाकं हाताला गार लागली की सावलीत, एका वेळी एकच चाक घ्या. आधी भरपूर पाणी मारा, म्हणजे सुटी पूड ओलीच खाली जाईल. कोरड्या फडक्याने पुसणं सगळ्यात वाईट, कारण लोखंडी कण पॉलिश पेपरसारखे घासतात. हवेने उडवणं त्याहून वाईट, ते तुमच्याच नाकात जातं. मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश. चाकाचा स्पंज बॉडीला लावायचा नाही, नाहीतर पेंटवर बारीक चरे ठरलेले.

तरीही तपकिरी ठिपके राहिले तर ते लोखंडाचे कण गरम असताना वरच्या थरात रुतून नंतर गंजलेले असतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. मारला की लोखंडाशी प्रक्रिया होऊन तो जांभळा होतो. वास कुजक्या अंड्यासारखा, त्यामुळे हातमोजे घाला, मोकळ्या जागेत मारा आणि वाळायच्या आत धुवून टाका. बाथरूमचं अ‍ॅसिड, तारेची घासणी आणि आपल्याकडचा लाडका उपाय, म्हणजे डिझेलचा बोळा, हे तिन्ही नकोत. अ‍ॅसिड आणि तार अलॉयवरचा पारदर्शक थर खातात, डिझेल टायरचं रबर खराब करतं आणि चुकून डिस्कवर गेलं तर ब्रेकच लागणार नाही. बोअरचं पाणी जड असेल तर चाक लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग. निघण्याआधी हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा, डिस्क कोरडी होते.

बर्थाच्या गाडीला अर्थातच अलॉय नव्हते. ते पुढे १९२४ मध्ये बुगाटीच्या रेसिंग गाड्यांमुळे गाजले आणि ते तिने नक्की पाहिले असणार, कारण ती खूप जगली. १९०३ नंतर कार्लचा कंपनीच्या कारभारातला भाग संपला, कुटुंब लाडेनबुर्गला राहायला गेलं आणि तिथे मुलांसोबत वेगळी छोटी कंपनी काढली. १९२६ मध्ये बेंझ आणि डायम्लर एक झाल्या, १९२९ मध्ये कार्ल गेला. बर्था पुढे पंधरा वर्षं त्याच घरात होती. ३ मे १९४४ रोजी, ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी ती गेली.

तिच्या वाटेने जाणारा १९४ किलोमीटरचा रस्ता २००८ पासून तिच्या नावाने अधिकृत पर्यटन मार्ग आहे. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं. तिचं लागलं २०१६ मध्ये.