सायकल कोणाच्या मापाची?

गेल्या महिन्यात तुळजापूरच्या आमच्या ओपीडीत एक वडील सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आले. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन पाय ताठर झालेले. सरकारी तीनचाकी सायकलीसाठी कागद द्या, एवढीच त्यांची मागणी होती. मी नाही म्हटलं, तेव्हा ते नाराज झाले. त्यांना समजावताना मला फातेमा इस्माईल आठवल्या.

फातेमाबाईंचा जन्म १९०३ चा, मुंबईच्या सधन सोभानी घराण्यातला. भाऊ उमर सोभानी गिरणीमालक आणि गांधीजींचे सहकारी. १९२१ मध्ये परळला विदेशी कपड्यांची मोठी होळी पेटली, ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. १९४२ च्या चळवळीत फातेमाबाईंनीही भूमिगत कार्यकर्त्यांना घरात आसरा दिला. पण त्यांचं नाव राहिलं ते वेगळ्याच कामामुळे.

त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तेव्हा लस नव्हती, साल्क यांची लस आली १९५५ मध्ये. अशा मुलांसाठी मुंबईत खास दवाखानाही नव्हता. फातेमाबाईंनी मद्रास गाठलं. तिथले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी सुरुवातीला तयार नव्हते, बाईंनी त्यांना तयार केलं. अनेक महिने उपचार चालले. पुढे पुण्यात लष्कराच्या जखमी जवानांसाठी जे फिजिओथेरपी केंद्र होतं, तिथे मुलीला नेलं. हळूहळू फरक पडला.

घरी परतून त्या स्वस्थ बसल्या असत्या तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण आपल्याजवळ पैसा आणि ओळखी होत्या म्हणून हे जमलं, इतर आयांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांना सुटेना. डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीने मे १९४७ मध्ये चौपाटीला दवाखाना सुरू झाला. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता सायकलीचं. हाताने फिरवायची तीनचाकी पोलिओच्या माणसाला चालते, कारण पोलिओत पाय लुळे पडले तरी बहुतेकदा हात आणि धड मजबूत असतात. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. रोग गेला, पण अपंग म्हटलं की तीच सायकल, हे डोक्यातून गेलेलं नाही. माझ्यासमोरच्या मुलीला मान आणि कंबर नीट सावरता येत नव्हती. मोठ्यांच्या मापाच्या त्या सायकलीवर ती कलंडली असती. फातेमाबाईंनी आपल्या मुलीला मिळेल त्या खाटेवर पडू दिलं नाही, तिला काय लागतं ते शोधत त्या मद्रास-पुणे फिरल्या. शोधायची तीच तयारी इथेही हवी.

अशा मुलांसाठी पायाने चालवायची, त्यांच्या मापाची तीनचाकी असते. उंच पाठ, छातीला आणि कमरेला पट्टा, पाय घसरू नये म्हणून पॅडलवर बुटासारखी पकड, आणि मागून ढकलायला दांडा. पॅडल चाकाबरोबर फिरत राहतं, त्यामुळे मुलाने जोर लावला नाही तरी पाय आळीपाळीने वाकतात, सरळ होतात. ताठर स्नायूंना हा व्यायाम होतो आणि मूल कंटाळत नाही. (व्यायामाच्या गादीवर रडणारी मुलं मी रोज पाहतो.) मात्र आधी खुब्याचा एक्स-रे हवा, कारण न चालणाऱ्या मुलांत खुबा हळूहळू निखळत जातो आणि घरी ते कळत नाही.

मुलीचा एक्स-रे काढला, खुबे जागेवर होते. फिजिओथेरपिस्टने टेपने तिची कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच आणि बसलेली उंची मोजली. वडिलांनी ती मापं औषधाच्या चिठ्ठीमागे स्वतःच्या हाताने लिहून घेतली.